एका सरात खरे आणि खोटे

मागच्या वर्षी भाचीच्या लग्नाच्या निमित्ताने आईची चिंचपेटी कपाटातून बाहेर काढली. दोरा पिवळा पडलेला, तीन मोती फुटून डबीच्या तळाशी पडलेले. गाठवायला म्हणून पटवेकऱ्यांकडे घेऊन गेले. त्यांनी मोती बोटांत फिरवले, भिंग लावलं आणि जरा संकोचतच सांगितलं, की मधल्या पेटीतली माणकं खरी आहेत, मोती मात्र काचेचे आहेत. वरचं पाणी उडालंय, म्हणून भोकापाशी काच दिसते.

मला काही सुचेचना. आईच्या माहेरचे बसरा मोती, असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते कुणी बदलले, कधी बदलले, हे विचारायला आता आई नाही. १९७२ च्या दुष्काळात घरातलं एकेक डाग सोनाराकडे गेलं होतं, एवढं आठवतं. आणि त्या वर्षी आम्हा भावंडांची शाळा सुटली नव्हती, हेही आठवतं.

घरी येऊन कितीतरी वेळ ती चिंचपेटी मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हा मनात आली ती फ्रान्समधली एक बाई. कोको शनेल. तिचं नाव आपल्याकडे अत्तराच्या बाटलीमुळे माहीत असतं. पण खऱ्या मोत्यांत खोटे मोती बिनदिक्कत मिसळून, त्यांच्या शेजारी रंगीत काच नि स्फटिक बसवून ते साऱ्या पॅरिसच्या गळ्यात घालणारी बाई तीच. तिच्याबद्दल जे मिळेल ते मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. म्हटलं, आज तिचीच गोष्ट मैत्रिणींना सांगावी.

तिचं खरं नाव गॅब्रिएल. जन्म १९ ऑगस्ट १८८३, फ्रान्समधल्या सोम्यूर गावी, गोरगरिबांच्या धर्मादाय रुग्णालयात. आई धुणी धुवायची, बाप गावोगावच्या बाजारात फिरून किरकोळ माल विकायचा. आईबापांचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. १८९५ मध्ये आई गेली. बापाने मुलींना ओबाझीन या खेड्यातल्या मठाच्या अनाथाश्रमात नेऊन सोडलं आणि तो पुढे निघून गेला. गॅब्रिएल तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांची होती. मोठेपणी तिने बापाबद्दल नाना कहाण्या रचून सांगितल्या. अनाथाश्रमाचं नाव मात्र ती घेत नसे.

त्या मठात रंग असा नव्हताच. पांढऱ्या भिंती, नन्सचे काळे-पांढरे झगे, खिडक्यांनाही बिनरंगी काचा, पण त्या काचांत शिशाच्या पट्ट्यांची एकमेकींत गुंफलेली नक्षी. आणि वरच्या मजल्यावरच्या वाटेत साध्या गोट्यांची फरशी, त्या गोट्यांतच रेखलेले तारे आणि चंद्र. नदीकाठचा दगड नीट मांडला की त्याचंही चांदणं होतं, हे त्या पोरीने रोज येता-जाता पाहिलं. पुढे तिच्या दागिन्यांत तारे पुन:पुन्हा येतात, ते तिथूनच आले असं तिचे चरित्रकार मानतात. मलाही ते पटतं. लहानपणी डोळ्यांत जे बसतं ते कुठे जातं?

तिथेच ती शिवण शिकली. अठराव्या वर्षी मूलँ गावी शिवणकाम करू लागली आणि संध्याकाळी तिथल्या कॅफेत गाणी म्हणू लागली. कोको हे नाव तिथलंच. मग एतिएन बाल्साँ नावाच्या श्रीमंत घोडेशौकिनाच्या वाड्यावर ती राहिली. आपल्या भाषेत सांगायचं तर ठेवलेली बाई. तिथे येणाऱ्या बायकांच्या टोप्यांवर फळं, पिसं, फुलं सगळं लादलेलं असायचं. हिने स्वत:साठी साध्या गवती टोप्या केल्या आणि त्याच बायका त्या मागू लागल्या. आर्थर केपेल या इंग्रज मित्राच्या पैशावर १९१० मध्ये तिने पॅरिसच्या र्‍यू कँबाँवर टोप्यांचं दुकान काढलं आणि पुढे त्याचे पैसे फेडूनही टाकले. पहिल्या महायुद्धात कापड मिळेना, तेव्हा पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरायचं जर्सीचं कापड घेऊन तिने बायकांचे झगे शिवले. केपेलवर तिचा जीव होता. त्याने १९१८ मध्ये लग्न केलं ते एका उमराव घराण्यातल्या मुलीशी, आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो मोटार अपघातात गेला.

आता मोत्यांकडे येते.

त्या काळात मोती म्हणजे केवढी दौलत, याचा एक किस्सा सांगते. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरची एक हवेली कार्तिए या जवाहिऱ्याने मिळवली, ती बहुतांशी एका दुपदरी मोत्यांच्या हाराच्या बदल्यात! हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर. समुद्रातून बुडी मारून काढलेल्या शेकडो शिंपल्यांत एखादा मोती निघायचा, एकसारख्या मोत्यांचा सर जमवायला वर्षं जायची. त्यामुळे बाईच्या गळ्यातल्या मोत्यांकडे पाहून लोक तिच्या नवऱ्याची ऐपत मोजायचे. आपल्याकडेही हळदीकुंकवाला काही डोळे हेच काम करत असतात, खोटं कशाला बोला.

शनेलला नवरा नव्हता. मिळणारही नव्हता, निदान बड्या घरातला. तिच्याकडे मोती आले ते प्रियकरांकडून. रशियातून परागंदा झालेला ग्रँड ड्यूक दिमित्री आणि पुढे इंग्लंडचा अतिश्रीमंत ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर, यांनी तिला लांबच लांब सर दिले असं सांगतात. असे मोती आले की दुसरी एखादी बाई ते तिजोरीत ठेवती, नाहीतर मेजवानीला मिरवती. हिने ते भर दिवसा लोकरीच्या स्वेटरवर घातले, आणि त्यांच्याबरोबर काचेच्या मोत्यांचे आणखी चार सर घातले. खरे कुठले, खोटे कुठले, पाहणाऱ्याला कळू नये अशा बेताने.

१९२४ मध्ये तिने अशा दागिन्यांचा कारखानाच काढला. काचेचं काम ग्रिपुआ या घराण्याकडे. वितळलेली रंगीत काच धातूच्या चौकटीत ओतून ते माणकासारखे लाल आणि पाचूसारखे हिरवे खडे करायचे. खोट्या मोत्याची कृती तर फ्रान्समध्ये सतराव्या शतकापासूनची होती. काचेचा मणी आणि त्याला माशाच्या खवल्यांपासून केलेल्या चमकदार लुकणाचा लेप. म्हणजे मोती खोटा, पण त्याची चमक पाण्यातल्या जिवाचीच!

शनेलची मोत्यांबरोबरची निवड मला आपल्या फार जवळची वाटते. साईप्रकाशी पांढऱ्या मोत्याशेजारी तिने गडद लाल आणि गडद हिरवा ठेवला, भोवती पिवळं सोनेरी कोंदण. म्हणजे आपली नथच की! बसरा मोती, मध्ये माणिक, बाजूला पाचू. आपल्या आज्या-पणज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने हे घेतलं ते जुन्या बायझंटाईन राण्यांच्या चित्रांवरून आणि चर्चमधल्या दागिन्यांवरून. फुल्को दी व्हर्दुरा या सिसिलीच्या उमरावाला तिने प्रियकरांकडून आलेले दागिने मोडायला दिले आणि त्यांतल्या खड्यांचे नवे दागिने करवून घेतले. पांढऱ्या मीनाकामाची रुंद कडी आणि त्यांवर रंगीबेरंगी खड्यांचा क्रूस, अशी एक जोडी तर ती वर्षानुवर्षं दोन्ही मनगटांत घालत होती. पुढे १९५० च्या दशकात रोबेर गूसाँस या कारागिराने तिच्यासाठी वेडेवाकडे मोती आणि स्फटिक एकत्र आणले. स्फटिकात रंग नसतो, तो मोत्याशी भांडत नाही. नुसता उजेड देतो.

आणि पार्श्वभूमीला काळा रंग. तिचा साधा काळा झगा १९२६ मध्ये अमेरिकेतल्या व्होग मासिकाने छापला आणि त्याला फोर्ड मोटारीची उपमा दिली, म्हणजे सगळ्यांना परवडेल नि सगळीकडे चालेल असा. काळ्यावर मोती किती उठून दिसतात ते आपल्याला वेगळं सांगायला नको. संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर पांढरे हलव्याचे दागिने घातलेली नवी सून आठवा.

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगून टाकते. मोती दिसतो टणक, पण असतो मऊ. दगडांचा कठीणपणा मोजायच्या मापात हिरा १०, माणिक आणि नीलम ९, पाचू साडेसात ते आठ, स्फटिक ७ आणि मोती अवघा अडीच ते साडेचार. पोवळंही त्याच्यासारखंच नाजूक, तीन-चारच्या आसपास. त्यामुळे मोत्यांचा सर नि खड्यांचा हार एकाच डबीत टाकला की मोत्यावर ओरखडे येतात. एकाच दागिन्यात ओवायचे तर मोत्यामोत्यात रेशमाची गाठ हवी, आणि खडा कोंदणात नीट बसलेला हवा. अत्तर तर मोत्याचं वैरीच. गंमत बघा, १९२१ मध्ये ‘नंबर फाईव्ह’ अत्तर काढणारीही हीच बाई! तेव्हा आधी अत्तर, ते वाळू द्यायचं, मग मोती.

दरम्यान जपानी कल्चर्ड मोती युरोपात येऊन ठेपले होते. १९३० च्या सुमारास समुद्रातल्या मोत्यांचा भाव कोसळला. हवेलीच्या मोलाचा तो हार १९५७ मध्ये लिलावात गेला तेव्हा त्याला जेमतेम दीड लाख डॉलर आले. खऱ्या-खोट्याची ती भिंत शनेलने आधीच मोडलेली होती. आणि जगभर मंदी असताना, १९३२ च्या नोव्हेंबरात, याच बाईने स्वत:च्या घरी प्रदर्शन भरवलं ते खऱ्या हिऱ्यांचं. मेणाच्या पुतळ्यांच्या गळ्यात तारे, धूमकेतू. लोक चक्रावले. ती कुणाच्याच अपेक्षेला बांधलेली नव्हती, हेच खरं.

इथवर लिहिणं सोपं होतं. पुढचं लिहिताना हात अडखळतो, पण ते गाळलं तर मीच खोटी ठरेन. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि तिने दुकान वगळता सगळं बंद केलं, हजारो शिवणाऱ्या बायकांची कामं गेली. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना ती रिट्झ हॉटेलात राहिली, एका जर्मन अधिकाऱ्याशी तिचे संबंध होते. तिच्या अत्तराच्या कंपनीत मोठा हिस्सा व्हेर्थाइमर या ज्यू बंधूंचा होता. नाझींच्या ज्यूविरोधी कायद्यांचा आधार घेऊन तिने १९४१ मध्ये तो हिस्सा आपल्याकडे वळवायचा प्रयत्न केला. देश सोडण्याआधी त्या भावांनी कंपनी एका बिगरज्यू माणसाच्या नावावर करून ठेवली होती, म्हणून ते फसलं. १९४४ मध्ये तिला पकडून चौकशी झाली, काही तासांत सोडलंही. मग ती स्वित्झर्लंडला गेली. एवढ्या गरिबीतून वर आलेली बाई, दुसऱ्याचं घर मोडताना तिला ओबाझीनचा मठ आठवला नसेल का? मी तिची चाहती आहे, पण याला माझ्याकडे उत्तर नाही.

५ फेब्रुवारी १९५४ ला, सत्तरी ओलांडल्यावर, ती पुन्हा पॅरिसमध्ये उभी राहिली. फ्रेंच वर्तमानपत्रांनी टर उडवली, अमेरिकेतल्या बायकांनी मात्र तिचे लोकरी सूट डोक्यावर घेतले. भांडवल कुणाचं होतं? त्याच व्हेर्थाइमरांपैकी पियेरचं. सुटाच्या अस्तरात खाली बारीक साखळी शिवलेली, म्हणजे कापड नीट पडतं, आणि वर मोत्यांचे सर. अखेरपर्यंत ती स्वत: कात्री घेऊन, गळ्यात मोती घालून, गुडघ्यांवर बसून बाह्या उसवायची नि पुन्हा लावायची. १० जानेवारी १९७१ ला रिट्झमधल्या खोलीत ती गेली. वय ८७. तो रविवार होता, तिचा सुट्टीचा दिवस. सुट्टी तिला कधीच आवडली नाही.

चिंचपेटीचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी पटवेकऱ्यांकडे गेले आणि सांगितलं, की आहेत तेच मोती पुन्हा ओवा, फुटलेल्या तिघांच्या जागी कल्चर्ड घाला. ते म्हणाले, रंग जुळणार नाही, नवे जास्त उजळ दिसतील. दिसू देत म्हटलं. भाचीने लग्नात हिरव्या शालूवर ती घातली. फोटोत ते तीन मोती चटकन ओळखू येतात, माणकाच्या उजव्या बाजूला.