संगणक विद्यार्थ्यांच्या हाती देणारे डॉ. केळकर



आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर जन्मलेले एक थोर मराठी शिक्षक म्हणजे डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. त्यांचा जन्म १ जून १९०९ रोजी धारवाड येथे झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकी शिकून ते इंग्लंडला गेले व १९३७ साली लिव्हरपूल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले. १९४३ पासून त्यांनी मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मध्ये अध्यापन केले. पुढे मुंबई आय.आय.टी.च्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता.

१९५९ मध्ये ते कानपूर आय.आय.टी.चे पहिले संचालक झाले. स्वतःची इमारत नव्हती. दुसऱ्या संस्थेच्या उपाहारगृहातील एका खोलीत काम सुरू झाले. अवघ्या चार वर्षांत, १९६३ साली, तेथे आय.बी.एम. १६२० हा संगणक आला. तेव्हा देशात संगणक मोजकेच होते. इतके महाग यंत्र कुलपात ठेवणे सोपे होते, पण कानपुरात ते विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरले गेले. भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा यंत्रात घालायचा आणि यंत्र एकेक कार्ड वाचणार, अशी ती पद्धत होती.

आजच्या महासंगणकात हजारो प्रोसेसर एकाच वेळी काम करतात. सर्व माहिती एकाच डिस्कवर असेल तर सगळ्यांना रांगेत थांबावे लागेल. म्हणून एका फाईलचे तुकडे अनेक डिस्कवर वाटून ठेवतात व कोणता तुकडा कोठे आहे, याची नोंद वेगळी ठेवतात. वार्षिक परीक्षेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दहा शिक्षकांत वाटतो आणि परीक्षाप्रमुख वहीत नोंद ठेवतात, तसेच हे! पुण्याच्या सी-डॅकने उभारलेला ‘परम संगणक’ हा महासंगणक याच कानपूर आय.आय.टी.त बसवला गेला.

१९६९ मध्ये डॉ. केळकरांना पद्मभूषण मिळाले. १९७० ते १९७४ ते मुंबई आय.आय.टी.चे संचालक होते. २३ ऑक्टोबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले. कानपूरच्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे.

हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो. मुले यंत्रे बिघडवतील या भीतीने आपल्या संगणक कक्षाची किल्ली बरेच दिवस आमच्याच खणात होती. ती चूक आमची. आता शाळा सुटल्यावर रोज एक तास कक्ष उघडा ठेवण्याचा आमचा मानस आहे. पालकांनी व विश्वस्त मंडळाने यास सहकार्य द्यावे, ही नम्र विनंती.

– प्राचार्य