किल्ली उंबऱ्यावरच!

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक संपली. चहा झाला, सगळ्या जणी पांगल्या. एक वहिनी मात्र सतरंजीच्या घड्या घालत उगीचच रेंगाळत होत्या. मी जवळ गेले तर डोळे भरलेले! बँकेतून बोलतोय असं सांगणाऱ्या कुणाचा तरी फोन आला होता. कार्ड बंद पडणार म्हणून त्याने घाबरवलं, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला आणि यांनी तो वाचून दाखवला. लेकीच्या फीसाठी साठवलेले १८ हजार रुपये पाच मिनिटांत गेले. या गोष्टीला चार दिवस झाले होते, पण त्यांनी ना नवऱ्याला सांगितलं होतं, ना पोलिसांना. चूक आपलीच, मग तक्रार कोणत्या तोंडाने करायची, हाच एक प्रश्न त्यांना खात होता.

त्या रात्री मला काही केल्या झोप येईना. सारखा एक माणूस आठवत होता. आपल्या गावाशी, आपल्या भाषेशी काही नातं नसलेला आणि ७० वर्षांपूर्वी हे जग सोडून गेलेला एक इंग्रज गणिती. त्याचं नाव ॲलन ट्युरिंग. मी आर्ट्सची विद्यार्थिनी, गणिताशी माझा छत्तीसचा आकडा! पण काही वर्षांपूर्वी लेकाने सुट्टीत घरी आल्यावर मला त्याच्यावरचा चित्रपट दाखवला. मग मी मिळेल ते वाचत गेले आणि या माणसाने मनात घरच केलं. पक्कं कुलूप नेमकं कुठे कच्चं असतं, हे त्याला कळलं होतं. आणि पुढे त्याच्याच घरी चोरी झाली, तेव्हा तक्रार करायला गेलेल्या या माणसाचं जे झालं, ते वाचून मी कितीतरी वेळ सुन्न बसले होते.

ॲलनचा जन्म लंडनमधला, २३ जून १९१२ चा. पण त्याच्या घराची मुळं आपल्याकडे पसरलेली. वडील तेव्हाच्या मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी आणि आईचे वडील मद्रास रेल्वेत मुख्य इंजिनिअर. इकडची हवा मुलांना सोसणार नाही म्हणून ॲलन आणि त्याचा थोरला भाऊ इंग्लंडमध्येच एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात वाढले. ॲलन जेमतेम सव्वा वर्षाचा असताना आई त्याला ठेवून बोटीने हिंदुस्थानात परतली. त्या माउलीने काळजावर केवढा दगड ठेवला असेल!

मुलगा एकलकोंडा, अक्षर गिचमिड, कपडे गबाळे, पण जिद्द भारी. १९२६ मध्ये नव्या शाळेत जायचं, नेमका त्याच दिवशी देशभर संप सुरू झाला आणि रेल्वे बंद पडली. तेरा वर्षांचं हे पोर सायकल काढून सुमारे १०० किलोमीटर अंतर तोडून, वाटेत एका खाणावळीत मुक्काम करून शाळेत हजर! तिथे त्याला ख्रिस्तोफर नावाचा जिवलग मित्र मिळाला. पण १९३० मध्ये क्षयाने तो मित्र गेला. ॲलन आतून मोडला, पण मित्राने जे शिकायचं ठरवलं होतं ते आता आपण शिकायचं, या हट्टाने पुन्हा उभा राहिला.

केंब्रिजला शिकून १९३६ मध्ये, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने एक निबंध लिहिला. त्यातली एक कल्पना आपल्या घरातल्या भाषेत सांगते. तोवर यंत्र म्हणजे एका कामाचं. शिवणयंत्र शिवणार, गिरणी दळणार. ॲलनने असं यंत्र कल्पिलं, की यंत्र एकच, पण त्याला दिलेल्या सूचना बदलल्या की काम बदलेल. आज आपल्या हातातला मोबाइल गाणीही वाजवतो, हिशेबही करतो आणि पैसेही पाठवतो. त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी ॲलन ब्लेचली पार्क या गुप्त ठिकाणी कामावर रुजू झाला. जर्मन सैन्याकडे एनिग्मा नावाचं यंत्र होतं. दिसायला टाइपरायटरची पेटी. एक अक्षर दाबलं की आतली चाकं फिरायची आणि भलत्याच अक्षराचा दिवा लागायचा. चाकं आणि वायरी कशा लावायच्या हे रोज बदलायचं. ही मांडणी किती प्रकारांनी करता येते माहीत आहे? १५९ लिहा आणि पुढे १८ शून्यं द्या, साधारण इतक्या! हे कुलूप कुणाला उघडणारच नाही अशी जर्मनांची खात्री होती.

पण कुलूप उघडलं! पोलंडच्या गणितज्ञांनी १९३२ मध्येच पाया घातला होता आणि युद्धाच्या तोंडावर त्यांनी आपलं ज्ञान इंग्रजांना दिलं. त्यावर ब्लेचलीच्या लोकांनी कळस चढवला. त्यांच्या हाताला लागलेला सगळ्यात उपयोगी धागा कोणता होता? माणसांच्या सवयी! यंत्र चालवणाऱ्याने प्रत्येक संदेशासाठी तीन अक्षरं स्वतः निवडायची, तीही कशाचा कशाला संबंध नसलेली, असा नियम होता. पण माणूस कंटाळतो. कुणी कळफलकावरची शेजारशेजारची अक्षरं दाबायचं, कुणी प्रेयसीच्या नावातली, तर कुणी रोज तीच ती. हवामानाचा संदेश ठरावीक वेळी, ठरावीक शब्दांत जायचा. त्यात हवामान हा शब्द असणारच, हे गृहीत धरून इकडचे लोक उलटा शोध घ्यायचे. त्यात एनिग्मामध्ये एक अंगभूत खोट होती. जे अक्षर दाबलं तेच अक्षर ती कधीच देत नसे. एवढ्या आधारावर ॲलनने एक यंत्र आखलं. त्याला बॉम्ब म्हणत, पण तो फुटणारा बॉम्ब नव्हे हं! कपाटाएवढं हे यंत्र लाखो शक्यता भराभर बाद करत जायचं. १९४० च्या मार्चमध्ये पहिलं यंत्र लागलं.

हे वाचताना मी स्वतःशीच ओशाळले. कारण माझा पासवर्ड होता लेकीचं नाव आणि तिचं जन्मसाल. आणि एटीएमचा पिन? विसरायला नको म्हणून कार्डाच्याच पाकिटावर पेनाने लिहिलेला! १२३४, लग्नाची तारीख, मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे... आपल्यातल्या किती जणींचे पिन असेच असतील. दाराला भलंमोठं कुलूप घालायचं आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवून जायचं, त्यातलाच हा प्रकार. चोर कुलूप फोडत बसत नाही मैत्रिणींनो, तो किल्ली शोधतो.

ब्लेचलीची आणखी एक गोष्ट आपण बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. युद्धाच्या शेवटी तिथे ९ ते १० हजार माणसं काम करत होती आणि त्यांत सुमारे तीन चतुर्थांश बायका होत्या. ती बॉम्ब यंत्रं नौदलाच्या महिला दलातल्या तरुण मुली दिवसरात्र पाळ्यांमध्ये चालवायच्या. ॲलनच्या विभागात जोन क्लार्क नावाची हुशार गणिती होती. बाईला वरच्या पगाराची श्रेणीच नव्हती, म्हणून पगार वाढवायला तिला कागदोपत्री भाषातज्ज्ञ केलं गेलं, आणि तिला तर एकही परकी भाषा येत नव्हती! पुढे १९४४ मध्ये तीच त्या विभागाची उपप्रमुख झाली. १९४१ मध्ये ॲलनने तिला लग्नाची मागणी घातली आणि तिने होकार दिला. पण आपलं मन पुरुषांकडे ओढ घेतं, हे त्याने तिच्यापासून लपवलं नाही. काही महिन्यांनी त्यानेच ते लग्न मोडलं. तिची फसवणूक केली नाही, म्हणून दोघांची मैत्री टिकली.

या सगळ्यांनी जे गुपित सांभाळलं, त्याला तर तोड नाही. धर्मराजाने कुंतीमुळे समस्त बायकांना शाप दिला, म्हणून आमच्या पोटात काही राहत नाही, असं आपण ऐकत आलो. ब्लेचलीच्या बायकांनी १९७४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, ब्र काढला नाही. कित्येकींच्या नवऱ्यांनाही पत्ता नव्हता. मग आपल्याला सहा आकडी ओटीपी पोटात ठेवता येणार नाही का?

एवढा मोठा गणिती, पण तोही माणूसच. जर्मन चालून आले तर पैशांचं काय होईल, या भीतीने १९४० मध्ये त्याने चांदीच्या लगडी घेतल्या, जुन्या बाबागाडीत घालून नेल्या आणि रानात पुरल्या. जागेच्या खुणा सांकेतिक भाषेत लिहून ठेवल्या. युद्धानंतर शोधायला गेला तर खाणाखुणा बदललेल्या! पुनःपुन्हा शोधूनही चांदी काही सापडली नाही. डाळीच्या डब्यात नोटा ठेवून विसरणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून हसूही आलं आणि धीरही वाटला. पासवर्ड अवघड हवा, पण आपल्याला आठवेल असाही हवा. आपणच कल्पिलेलं एखादं विचित्र वाक्य घ्यावं, त्यात आकडे मिसळावेत आणि ते कुठे लिहू नये.

१९५० मध्ये ॲलनने आणखी एक निबंध लिहिला. त्यात त्याने एक खेळ मांडला. पलीकडच्या खोलीत कोण आहे ते दिसत नाही, फक्त टाइप केलेली उत्तरं येतात. त्यावरून समोर माणूस आहे की यंत्र, ते ओळखायचं. आज आपण हा खेळ रोज खेळतोय! मेसेज भाच्याच्या नावाने येतो, फोटो त्याचा असतो, आता तर आवाजही हुबेहूब नकली काढता येतो. अशा वेळी फोन ठेवून, आपल्याकडे असलेल्या जुन्या नंबरवर आपण होऊन फोन करावा. पोलिसांचा वेश घालून व्हिडिओ कॉलवर घरातच अटक झाली म्हणून सांगणारा भामटाच असतो, कारण अशी अटक कायद्यात नाही. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो द्यायला लागतो.

आता ती चोरीची गोष्ट. १९५२ च्या जानेवारीत ॲलनच्या घरी चोरी झाली. त्याच्या एका तरुण मित्राच्या ओळखीतल्याने ती केली होती. ॲलन सरळ पोलिसांत गेला. चौकशीत त्या मित्राशी असलेले संबंध उघड झाले आणि त्याने ते नाकारले नाहीत. १८८५ च्या कायद्याने तिथे तो गुन्हा होता. झालं! चोर राहिला बाजूला, तक्रारदारच आरोपी झाला. तुरुंग किंवा औषधोपचार, यातून त्याला निवडायला लावलं. वर्षभर त्याला स्त्री-संप्रेरकं दिली गेली. शरीर बदललं, गुप्त कामाची दारं बंद झाली. ज्याने देश वाचवायला हातभार लावला त्याच्यावर देशाचाच विश्वास उरला नाही, आणि आपण काय केलं होतं, हे गुपिताच्या शपथेमुळे त्याला सांगताही येईना.

७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषाने तो गेला. बेचाळिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता. उशाशी अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं. चौकशीत ती आत्महत्या ठरली, पण आईने ते कधीच मानलं नाही. प्रयोग करताना चुकून विष पोटात गेलं, असंच ती म्हणत राहिली. सत्तरी ओलांडलेल्या त्या आईने १९५९ मध्ये लेकाचं चरित्र लिहिलं. युद्धात त्याने नेमकं काय केलं, ते मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

२००९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी त्याची माफी मागितली, २०१३ मध्ये राणीने मरणोत्तर क्षमा केली आणि २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आला. आपल्याकडेही इंग्रजांनीच घालून दिलेलं तसंच कलम होतं. परस्परसंमतीच्या नात्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातून बाहेर काढलं. पण ॲलनला याचा काय उपयोग? नोटेवरच्या फोटोने गेलेला जीव परत येत नाही.

तुम्ही म्हणाल, तक्रार करून तो तर अडकला, मग आम्ही कशाला जायचं? अगं, त्याच्या वेळी कायदाच त्याच्या विरुद्ध होता. आपल्या बाजूला कायदा आहे. फसवणारा गुन्हेगार असतो, फसलेली नव्हे. आडवी येते ती लाज, आणि फसवणाऱ्याला तीच हवी असते. आपण गप्प बसलो की त्याला पैसे पुढे सरकवायला वेळ मिळतो. म्हणून फसल्याचं कळताच त्याच क्षणी १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. लवकर कळलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींच्या घरी गेले. भाऊजींना मीच सांगितलं. ते आधी तडकले, मग गप्प झाले आणि शेवटी त्यांनीच गाडी काढली. आम्ही तिघांनी जाऊन तक्रार नोंदवली. चार दिवस उलटले होते, पैसे अजून आलेले नाहीत, येतीलच असंही सांगता येत नाही. पण गटाच्या पुढच्या बैठकीत वहिनी स्वतः उभ्या राहिल्या आणि झालेलं सगळं सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी हसलं नाही. उलट मागच्या रांगेतून आणखी एक हात हळूच वर आला...