कै. बॅरिस्टर जोसेफ (काका) बॅप्टिस्टा

जुबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आमच्या वाचकांस मुंबईच्या एका थोर ख्रिस्ती पुरुषाची ओळख करून द्यावी असें आम्हांस वाटतें. लोकमान्य टिळकांचे सहकारी म्हणून काका बॅप्टिस्टांचें नांव पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु ज्या नगरसेवेंत त्यांच्या आयुष्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें खर्चीं पडलीं, तिचें स्मरण फार थोड्यांस आहे.

काकांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजीं माझगांवच्या माथारपाखाडींत झाला. पुण्यास स्थापत्याचें शिक्षण घेऊन ते सिंध प्रांतीं सरकारी जंगलखात्यांत रुजू झाले. पुढें विलायतेस जाऊन त्यांनीं केंब्रिजची पदवी मिळविली, व बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले.

त्या वेळीं शहरावर मोठें संकट होतें. १८९६ मध्यें मांडवींत प्लेग उद्भवला. तो प्रथम ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे आमच्याच समाजांतील. पुढें वर्षामागून वर्ष सांथ परत येई, आणि परळ-लालबागच्या दाट चाळींतील गिरणकामगार तिला बळी पडत. १९०१ मध्यें काका म्युनिसिपल कॉर्पोरेशनांत शिरले, ते सतरा वर्षें तेथें राहिले.

आरोग्याच्या कामीं वकिलाचें काय प्रयोजन, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, औषध देणें हें वैद्याचें काम खरें. पण नळास पाणी येणें, गटारें वाहतीं राहणें, इस्पितळास पैसा मिळणें, हीं सर्व कामें १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानें कॉर्पोरेशनकडे सोंपविलीं होतीं. कायद्याचें कलम व अंदाजपत्रकाची रक्कम यांवांचून एक मोरीहि बांधली जात नसे. तेथें कायदा जाणणारा व गरिबांची कणव असलेला सभासद हवा होता.

१९१६ मध्यें बेळगांवीं टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष काकाच होते. १९२० मध्यें मुंबईंत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली, तिच्या संस्थापकांतहि ते होते. राष्ट्राचें स्वराज्य आणि मजुराची भाकरी हीं त्यांस भिन्न वाटलीं नाहींत.

१९२५ मध्यें ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. ह्याच पदास पुढें महापौर म्हणूं लागले. त्यांच्याच कारकीर्दींत, १९२६ च्या आरंभीं, परळ येथें कॉर्पोरेशनचें के. ई. एम. रुग्णालय उघडलें. त्याच्या जोडीच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीची अट होती. हें श्रेय अनेकांचें आहे, एकट्या काकांचें नव्हे; तथापि ज्या शहरांत त्यांनीं प्लेगच्या दिवसांत सेवा आरंभिली, तेथें गिरणगांवाच्या मधोमध गरिबांस दार उघडणारें इस्पितळ त्यांच्या अध्यक्षतेखालीं उभें राहिलें, हें विसरतां कामा नये.

१९३० मध्यें काका निवर्तले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमींत त्यांची समाधि आहे. माझगांवच्या भंडारवाडा टेकडीवर, पाण्याच्या मोठ्या टाकीवरील बागेस त्यांचें नांव दिलें आहे. ज्यानें शहरास आपलें आयुष्य दिलें, त्याचें स्मारक शहराच्या पाण्यावर असावें, हें योग्यच झालें. आमच्या तरुणांनीं ती टेकडी चढावी, आणि वकिली, वैद्यकी वा कारकुनी, जें काम हातीं येईल त्यांत शेजाऱ्याचा वांटा राखून ठेवावा, एवढीच आमची विनंति.