सात नाणी, सात चकत्या : मायकेल फॅरडे यांचे विद्यार्थिजीवन

भौतिकशास्त्र हा पैसेवाल्यांच्या मुलांचा विषय आहे, त्याला शिकवणी लागते, प्रयोगशाळा लागते, महागडी पुस्तके लागतात, अशी समजूत वसतिगृहात मुलांना सोडावयास येणाऱ्या पालकांच्या बोलण्यातून आम्हांस वारंवार जाणवते. ती सर्वस्वी खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही; पैशाने पुष्कळ वाटा सोप्या होतात. परंतु ज्यांच्या शोधावर आज जगातील वीजनिर्मिती केंद्रे चालतात, त्या मायकेल फॅरडे यांचे शिक्षण कसे झाले, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन येथे झाला. वडील लोहारकाम करीत. पण प्रकृती ढासळलेली, त्यामुळे मिळकत बेताचीच. १८०१ च्या महागाईत लहानग्या मायकेलला आठवड्यासाठी एक पाव मिळे आणि तोच त्याने सात दिवस पुरवावयाचा असे. शाळेत वाचन, लेखन आणि जुजबी अंकगणित एवढेच पदरी पडले. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला आणि १८०५ मध्ये तेथेच सात वर्षांच्या करारावर पुस्तकबांधणी शिकू लागला. धंदा शिकविण्याबद्दल मालकास रक्कम द्यावी लागण्याची त्या काळची रीत होती. रीबो यांनी ती घेतली नाही.

बांधणीसाठी आलेली पुस्तके हेच त्याचे ग्रंथालय झाले. एका विश्वकोशातील विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट या बाईंनी संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तकही त्याच्या हाती पडले. वाचून झाल्यावर तो पान उलटून पुढे गेला नाही. लिहिलेले खरे आहे की नाही, हे आपल्या हातांनी पडताळून पाहावयाचे, हा त्याने स्वतःस घालून दिलेला नेम होता. खिशाला परवडेल तेवढाच प्रयोग करावयाचा, पण करावयाचा. आमच्या मते त्याच्या सबंध शिक्षणाचे मर्म येथे आहे.

१८१२ मध्ये त्याने घरीच विद्युतघटमाला बनविली. अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी, त्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागदाचे सहा तुकडे, एवढीच काय ती सामग्री. ही रचना व्होल्टा यांनी १८०० मध्ये जगापुढे मांडलेली होती. नवे काहीच नव्हते. पण विजेचा प्रवाह त्याने स्वतः निर्माण केला होता आणि पुढे मोठी घटमाला रचून क्षारांच्या द्रावणाचे विघटनही करून पाहिले. आपल्या मुलांनाही हे करता येईल. तांब्याच्या पट्ट्या, टिपकागद, मीठ आणि संपलेल्या साध्या शुष्क घटाच्या जस्ती कवचाचे तुकडे एवढ्यावर लहानसा लाल एलईडी मंदपणे का होईना, पेटतो. (कवच कापताना मोठ्या माणसाने जवळ असावे आणि आतली काळी भुकटी मुलांच्या हाती लागू देऊ नये.)

मात्र फॅरडे एकट्याने शिकले, असे जे सांगितले जाते ते आम्हांस पटत नाही. जॉन टेटम नावाचे गृहस्थ सायंकाळी विज्ञानावर व्याख्याने देत; प्रवेशास एक शिलिंग पडे. तो थोरला भाऊ रॉबर्ट देई, आणि तोही लोहारच होता. आकृत्या नीट काढता याव्यात म्हणून मायकेल दुकानाच्या घरात राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून रेखाटन शिकला व मोबदल्यात त्यांची खोली झाडून बूट पुसून देऊ लागला. बेंजामिन ॲबट या मित्राला तो प्रत्येक प्रयोगाची हकीकत लांबलचक पत्रांतून कळवी. दुकानाचे एक गिऱ्हाईक विल्यम डान्स यांनी तर १८१२ च्या वसंतात रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे त्याला दिली. भावाचा शिलिंग आणि गिऱ्हाइकाची तिकिटे नसती, तर काय झाले असते, हे सांगणे कठीण आहे.

त्या व्याख्यानांची टिपणे त्याने आकृत्यांसह स्वच्छ लिहून काढली, स्वतःच बांधली आणि वर्षअखेरीस डेव्ही यांच्याकडे पाठविली. डेव्ही भेटले, पण हातचा धंदा सोडू नये, असाच सल्ला त्यांनी दिला. पुढे साहाय्यकाची जागा रिकामी झाली, तेव्हा मार्च १८१३ मध्ये आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि माडीवरच्या दोन खोल्या यांवर फॅरडे तेथे रुजू झाले. त्यानंतरच्या युरोप प्रवासात डेव्ही यांच्या पत्नीने त्यांना चाकरासारखे वागविले. तो सल त्यांनी मित्राला पत्रातून कळविला, पण शिकणे सोडले नाही.

एक उणीव मात्र जन्मभर राहिली. उच्च गणित त्यांना आले नाही. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस ज्या रेषांत मांडला जातो, त्या बलरेषांच्या साहाय्यानेच ते विचार करीत. त्या कल्पनांना समीकरणांचे रूप पुढे मॅक्सवेल यांनी दिले. गणिताचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी येथे फॅरडे यांचा दाखला देऊ नये. एकाच्या उणिवेची भरपाई करण्यास मॅक्सवेल यांच्या तोडीचा माणूस लागला.

सरदारकी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. मुलांसाठीची नाताळातील व्याख्याने मात्र ते वर्षानुवर्षे देत राहिले. त्यांतील एका मालेचा विषय होता साधी मेणबत्ती. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते निवर्तले.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडाच्या एका कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू वा बंद करताच दुसऱ्यात क्षणभर वीज वाहते, हे त्यांना आढळले. आजच्या ट्रान्सफॉर्मरचे मूळ तेच. वेष्टन असलेली तार तेव्हा बाजारात सहज मिळत नसे. म्हणून एकेक फेरा दुसऱ्यास टेकू नये यासाठी मध्ये सुतळी घातली होती आणि थरांमध्ये सुती कापड. ते कडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही ठेवलेले आहे.