आवाजाची मालकीण : बाई सुंदराबाई

निघोजे गावातील आमच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. आजोबांचा चावीचा ग्रामोफोन केव्हाच मोडीत निघाला, पण त्यावर लावावयाच्या दहा-बारा तबकड्या या पेटीत राहिल्या. गेल्या दिवाळीत आईने ती भंगारवाल्याला देण्यासाठी खाली काढली. सहज म्हणून मी वरची तबकडी पुसली. लेबलवर कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा होता आणि खाली नाव होते, बाई सुंदराबाई. या बाई कोण, हे शोधू लागलो आणि जे हाती लागले ते आपणापुढे ठेवीत आहे.

सुंदराबाई जाधव यांचा जन्म 1885 साली पुण्यात झाला. ठुमरी, दादरा, गझल आणि आपली मराठी लावणी या सर्वांवर त्यांची सारखीच हुकमत होती. बैठकीत शब्दातला भाव नेमका श्रोत्याच्या काळजाला भिडवावा तर तो बाईंनीच, अशी त्यांची ख्याती झाली.

1919 साली गंधर्व नाटक मंडळीने राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. नाटककार त्याच्या आधी थोडेच दिवस निवर्तले होते. पदे वि. सी. गुर्जर यांची आणि अनेक चाली सुंदराबाईंच्या. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्वांनी त्या चाली गाऊन अवघा महाराष्ट्र वेडा केला. ती पदे बालगंधर्वांची म्हणून घरोघरी गेली, चाली देणारीचे नाव मात्र मागे राहिले. बाईंच्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडले, पण शेवटचे नव्हे.

आता तबकडीकडे येऊ. 1902 साली कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून ग्रामोफोन कंपनीने या देशात पाय रोवले. 1908 साली तिने सियालदहला कारखाना काढला, पुढे तो डमडमला गेला. लाखेची ती काळी थाळी मिनिटाला 78 फेरे घेई आणि एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे वाजे. रात्रभर रंगणारी ठुमरी तेवढ्यात बसवायची! बाईंना ते साधले. त्यांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. पण आवाज गायिकेचा असला तरी तबकडी कंपनीची असे. अनेक कलावंतांच्या हाती एकदाच ठरलेली रक्कम पडे. पुढे किती खपल्या, याचा हिशेब कंपनीच्या वहीत.

अशा दिवसांत सुंदराबाईंनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. नाव ठेवले ‘नवभारत’. गाणारी बाई कंपनीची मालकीण होते, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

हे धाडस किती अवघड होते, ते समजण्यासाठी तबकडी कशी तयार होई ते पाहावे लागेल. गाणे आधी मेणावर कोरले जाई, त्यावरून धातूचा साचा बने आणि त्या साच्याने लाखेवर दाब देऊन तबकड्या निघत. साचा आणि दाबयंत्र यांस मोठे भांडवल लागे. ‘यंग इंडिया’ छापाच्या कंपनीने वडाळ्याला स्वतःचा कारखाना घातला, पण ते सर्वांना शक्य नव्हते. देशातील कित्येक छोट्या कंपन्या आपले लेबल लावलेल्या तबकड्या डमडमच्याच कारखान्यातून काढून घेत. म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा, त्याच्याच दारात माल घडवावयाचा! शिवाय कलावंतांची बिदागी रोख आणि दुकानदारांची विक्री उधारीवर.

‘नवभारत’ फार काळ चालली नाही. 1939 साली ‘प्रभात’च्या ‘माणूस’ चित्रपटात नायकाच्या आईची भूमिका बाईंनी केली. ती पुष्कळांच्या लक्षात राहिली. पण कमावलेली संपत्ती हातची गेली आणि उतारवयात त्यांना ओढग्रस्तीचे दिवस पाहावे लागले. 1955 साली त्यांचे निधन झाले.

हे वाचून कुणी म्हणेल, बाईंना धंदा कळत नव्हता. मला तसे म्हणवत नाही. माझ्या वडिलांनीही आमच्या पट्ट्यात दोन लेथ टाकून स्वतःचे वर्कशॉप काढले होते. कच्चा माल दुसऱ्याचा, ड्रॉइंग दुसऱ्याचे, आणि बिले तीन-तीन महिने थकलेली. पाटी तेवढी आमची. चार वर्षांनी यंत्रे विकली. आज ते दुसऱ्याच्या कारखान्यात तेच काम, त्याच कौशल्याने करतात. त्यांना काम येत नव्हते, असे कोण म्हणेल? कसब असणे वेगळे आणि भांडवलाच्या जोरावर तग धरणे वेगळे, एवढाच बाईंच्या गोष्टीचा अर्थ मी घेतला.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो वडिलांना वाचून दाखविला. ते काही बोलले नाहीत. उठून त्यांनी पेटी उघडली आणि ‘नवभारत’ची एखादी तबकडी निघते का, म्हणून एकेक लेबल पुसून पाहिले. एकही निघाली नाही. सगळ्या कुत्र्याच्याच छापाच्या. मग त्यांनी प्रत्येक तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पेटी पुन्हा माळ्यावर ठेवली.

वाचकमित्रहो, तुमच्या घरी अशी पेटी असेल, तर लेबले वाचल्यावाचून ती भंगारात देऊ नका. ‘नवभारत’ची तबकडी सापडलीच, तर मला अवश्य कळवा.