डिक्सी डीनचा साठावा गोल

लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर ता. ५ मे १९२८ रोजी एव्हर्टन आणि आर्सेनल या क्लबांचा सामना होता. लीगचे विजेतेपद एव्हर्टनने आधीच मिळविलेले. तेव्हा निकालाची फिकीर कोणाला नव्हती. एकवीस वर्षांच्या डीनला तीन गोल साधतात की नाही, एवढेच पाहायचे होते. आदल्या हंगामात मिडल्सबरोच्या जॉर्ज कॅमसेलने दुसऱ्या श्रेणीत ५९ गोल केले होते आणि डीन ५७ वर येऊन थांबला होता. आरंभीच त्याने दोन गोल केले, पैकी एक पेनल्टीचा. मग कितीतरी वेळ तिसरा काही होईना. अखेरीस, सामना संपत आला असताना, अलेक ट्रूपने कॉर्नर मारला, डीन उसळला आणि डोक्याने साठावा गोल झाला. पुढे आर्सेनलने बरोबरी साधली, तिकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष नसावे!

विल्यम राल्फ डीन १९०७ साली मर्सी नदीपलीकडच्या बर्कनहेडला जन्मला. वडील रेल्वेत इंजिन चालवीत. लोकांनी दिलेले ‘डिक्सी’ हे नाव त्याला स्वतःला आवडत नसे. १९२५ मध्ये ट्रॅनमिअर क्लबकडून एव्हर्टनने त्याला ३,००० पौंडांना घेतले. त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम सैल झाला, म्हणून गोल स्वस्त झाले असे म्हणणारे आहेत. पण नियम तर सर्वांनाच सैल झाला होता. पहिल्या श्रेणीत साठावर दुसरा कोणी पोहोचला नाही.

१९२६ च्या उन्हाळ्यात मोटारसायकलच्या अपघातात त्याची कवटी फुटली. तो पुन्हा खेळेल असे डॉक्टरांना वाटत नव्हते. तो त्याच वर्षी मैदानावर उतरला आणि त्याच डोक्याने गोल करू लागला. उंचीने काही ताडमाड नव्हता. त्याची करामत उडी नेमक्या क्षणी घेण्यात होती. गवई घाई न करता समेवर येतो, तशातलाच हा प्रकार.

आणि मोबदला? १९२२ पासून इंग्लंडात खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती : हंगामात आठवड्याला ८ पौंड, उन्हाळ्यात ६. खेळाडू साठ गोलांचा असो की सहाचा, मर्यादा तीच. दरबारी गवयाचा पगारही बेताचाच असे; पण मैफल रंगली तर शालजोडी देणारा धनी तरी समोर बसलेला असे. इथे तिकिटांचा पैसा क्लबच्या पेटीत जाई. ही मर्यादा उठली १९६१ साली, डीनला त्याचा काय उपयोग!

१९३० मध्ये एव्हर्टन दुसऱ्या श्रेणीत घसरला. १९३१ मध्ये तो परत वर आला, १९३२ मध्ये लीग जिंकली, १९३३ मध्ये एफ. ए. कप. एव्हर्टनसाठी डीनचे ४३३ सामन्यांत ३८३ गोल झाले. इंग्लंडसाठी १६ सामन्यांत १८. १९३८ मध्ये तो नॉट्स काउंटीकडे गेला. युद्धानंतर चेस्टरला त्याने दारूचा गुत्ता चालविला. त्याच्या मदतीचा सामना गुडिसनवर भरला तो १९६४ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी.

१९७६ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. ता. १ मार्च १९८० रोजी तो एव्हर्टन–लिव्हरपूल सामना पाहायला गुडिसनवर गेला होता. तेथेच हृदयविकाराचा झटका येऊन त्याचे निधन झाले.