चौदा रुपयांची शिल्लक

हिंगणघाटच्या आमट्यांच्या घरात पैशाला तोटा नव्हता. 26 डिसेंबर 1914 रोजी जन्मलेल्या मुरलीधरला घरात लहानपणापासूनच ‘बाबा’ म्हणत. पुढे लोकांनी या नावाला साधुत्वाचा वास दिला, पण मुळात ते लाडाचं नाव. हा लाडका मुलगा शिकार करी, इंग्रजी सिनेमे बघून त्यांची परीक्षणं लिही. हॉलिवूडच्या ग्रेटा गार्बोशी त्याचा पत्रव्यवहार होता. दाराशी स्वतःची मोटार होती आणि तिच्या बैठकीवर बिबट्याचं कातडं होतं. वकील झाल्यावर वरोड्यात चांगला जमही बसला. बाबा आमटे म्हटलं की आपल्याला पांढरी बंडी आणि हाफ पँट आठवते. मला मात्र आधी ही मोटार आठवते, कारण सोडायला काही असावं लागतं.

1942 च्या आंदोलनात तुरुंगात पडलेल्यांच्या बचावाचं काम त्यांनी केलं. पुढे सेवाग्रामची ओढ लागली आणि वकिलीतलं मन उडालं. डिसेंबर 1946 मध्ये नागपूरच्या घुल्यांच्या इंदूशी लग्न झालं. त्या साधनाताई. वरोड्याच्या नगरपालिकेत बाबा उपाध्यक्ष होते. भंग्यांचं काम काय असतं ते कळावं म्हणून त्यांनी कित्येक महिने मैल्याची टोपली स्वतःच्या डोक्यावरून वाहिली. याच दिवसांत एका पावसाळी रात्री रस्त्याकडेला त्यांना तुळशीराम दिसला. हातापायांची बोटं झडलेली, जखमांत किडे पडलेले. बाबा घाबरले आणि घरी पळाले. इंग्रज सोजिरांशी भिडलेला, गांधीजींनी ‘अभय साधक’ म्हणून गौरवलेला हा माणूस एका मरणासन्न माणसाला भ्याला! ते परत गेले, आडोसा केला, त्याला खाऊ घातलं. तुळशीराम वाचला नाही. पण ती भीती बाबांना सोडेना. करुणेपेक्षा या भीतीची लाज त्यांना कुष्ठकार्याकडे घेऊन गेली, असं मी समजतो. हे माझं मत. चरित्रकार थोडं वेगळं लिहितात.

त्या काळी हा रोग म्हणजे काय होतं, हे आजच्या तरुण वाचकांना सांगायला हवं. हॅन्सननं 1873 मध्ये जंतू शोधला होता, तरी औषध म्हणून कडू कवठाच्या तेलाची वेदनादायी इंजेक्शनंच होती. जंतू मज्जातंतू मारतो, त्वचा बधिर होते. चूल पेटवताना हात भाजला तरी कळत नाही, पायात काटा मोडला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि बोटं जातात ती अशी. गरीब घरात ही पायरी फार लवकर येते, कारण अनवाणी चालणं आणि उघड्या हातांनी राबणं सुटत नाही. चाळिशीच्या दशकात सल्फोनची औषधं आली आणि रोग आटोक्यात येईल अशी पहिली आशा दिसली.

वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण 1936 पासून हे काम करत होतेच. 1949 मध्ये बाबांनी महारोगी सेवा समिती स्थापली आणि शिकायला कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या संस्थेत गेले. हा जंतू प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाही. तेव्हा माणसाच्या शरीरात तो वाढवून पाहण्यासाठी बाबांनी स्वतःचा देह देऊ केला आणि जिवंत जंतू टोचून घेतले. रोग झाला नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की बहुतेकांच्या अंगात या रोगाविरुद्ध उपजतच ताकद असते. टोचून घेताना बाबांना ती खात्री नव्हती, आणि घरी दोन लहान मुलं होती.

परतल्यावर वरोड्याभोवतीच्या खेड्यांत त्यांनी आठवड्याचे दवाखाने सुरू केले. रोगी दवाखान्यात येत नसे; घरच्यांनी त्याला गोठ्यामागे किंवा गावाबाहेर ठेवलेलं असे. म्हणून दवाखान्यानंच गावी जायचं. गोळ्या वर्षानुवर्षं चालायच्या, तेव्हा एकदा जाऊन भागत नसे.

1951 च्या जूनमध्ये आनंदवन सुरू झालं. सरकारनं दिलेली 50 एकर खडकाळ, झुडपी जमीन, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, चार कुत्री, बाबा, साधनाताई, दोन मुलं आणि रोख चौदा रुपये. मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. असा प्रस्ताव टेबलावर आला असता, तर कुठल्या व्यवस्थापकानं मंजूर केला असता? तारण शून्य, आणि मनुष्यबळ म्हणजे बोटं नसलेली सहा माणसं. त्या माणसांनी बाबांबरोबर उन्हाळ्यात विहीर खणली. तीस फुटांच्याही खाली पाणी लागलं.

भाजीपाला पिकला, दूधही होऊ लागलं. पण वरोड्याच्या बाजारात कोण घेणार? पन्नाशीच्या दशकात परदेशी स्वयंसेवक आले, आनंदवनात राबले आणि तिथलंच अन्न जेवले. गोऱ्यांना काही झालं नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक वळलं. आपल्या समाजाची ही गंमत बाबांनाही बोचली असणार.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे: अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा, सोमनाथची श्रमछावणी, 1973 पासून प्रकाश आणि मंदाताईंनी फुलवलेलं हेमलकसा, 1985 चा मॅगसेसे पुरस्कार, मणक्याच्या आजारानं बसणं अशक्य झालेलं असतानाची ‘भारत जोडो’ यात्रा, नर्मदाकाठचं दशक. साधनाताईंबद्दल मात्र पुरेसं लिहिलं जात नाही. त्या चौदा रुपयांत घर चालवणं त्यांच्याकडे होतं.

एक आक्षेप नोंदवतो. कुष्ठरुग्णांचं वेगळं गाव वसवलं की बाकीच्या गावांची सुटका होते. बाबांना दुसरा पर्याय दिसत नव्हता, तेव्हा दोष त्यांच्याकडे जात नाही. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचार सुचवला. आता गोळ्या मोफत मिळतात, रुग्ण घरी राहून बरा होतो. पण मी कामोठ्यात राहतो. पनवेलच्या पुढे नेऱ्याला शांतिवन आहे, तिथंही कुष्ठरुग्णांसाठी काम उभं राहिलं. आणि तरी महामार्गाच्या सिग्नलला वाकडा हात काचेवर आला की आमच्या सोसायटीतल्या मोटारींच्या काचा वर जातात. एका शाखेत पेन्शनसाठी आलेल्या, रोगातून पूर्ण बऱ्या झालेल्या म्हाताऱ्याला कारकुनानं शाईचा पॅड देण्याचं टाळलेलं मी पाहिलं आहे. त्याला अंगठाच नव्हता. नियम साधा आहे: अंगठा नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा किंवा कसलीही खूण चालते, साक्षीदार हवेत. त्या दिवशी साक्षीला मी उभा राहिलो, दुसऱ्या साक्षीदाराला पाऊण तास लागला.

9 फेब्रुवारी 2008 रोजी आनंदवनात बाबा गेले. त्यांच्या इच्छेनुसार दहन झालं नाही. त्यांना तिथल्याच मातीत पुरलं. साधनाताई 2011 च्या जुलैत गेल्या. 1898 चा महारोग्यांचा कायदा त्यानंतर पाच वर्षांनी, 2016 मध्ये रद्द झाला. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येण्याची तरतूद 2019 पर्यंत कायद्यात होती.